खिडकीकडची पट्टी

प्रिय थोरली,

माझ्या हस्ताक्षरातील पाकीट पाहून तू दचकशील, म्हणून प्रथम सांगतो: येथे सर्व ठीक आहे. धाकटी बरी आहे, मीही बरा आहे. यापूर्वी मी तुला एकच पत्र लिहिले होते, तू शिकायला बाहेर पडलीस तेव्हा, आणि त्यात वसतिगृहात पाळावयाच्या गोष्टींची क्रमवार यादी होती. तुझ्या आईने ते वाचून विचारले होते, "अहो, हे पत्र आहे की नोटीस?" मजकूर महत्त्वाचा, असे काहीसे मी म्हणालो. पाकीट बंद करण्यापूर्वी तिने आत आणखी काहीतरी सरकवले. काय, ते तिने मला सांगितले नाही आणि तूही कधी सांगितले नाहीस. या खेपेस पाकीट मलाच बंद करावयाचे आहे.

जे लिहितो आहे ते रविवारच्या फोनवर सांगता आले असते, असे तू म्हणशील. मी दोनदा प्रयत्न केला. तू विचारतेस, जेवलात का, झोप लागते का, धाकट्या भिंगरीला या आठवड्यात किती वेळा आकडी आली. मी उत्तरे देतो, आणि मग तुझ्याकडची व माझ्याकडची शांतता एकाच वेळी सुरू होते. पूर्वी त्या जागी तुझी आई माझ्या हातून फोन काढून घेत असे. आज तिला जाऊन चार आठवडे झाले. त्या दिवशीही मंगळवारच होता.

घर चालू आहे. धाकटीच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा आता मी भरतो. तुझी आई बोलता बोलता, न पाहता भरत असे. मी यादी समोर ठेवून भरतो आणि मग उलट्या क्रमाने पुन्हा तपासतो. धाकटी शेजारी बसून कप्प्यांची झाकणे उघडते, मिटते. तिला अंघोळ घालायला समोरच्या दारातील शिवणकाम करणाऱ्या काकू येतात. वेणी मी घालतो. पहिल्या दिवशी काकू ती पाहून म्हणाल्या, "वेणी आहे का सुतळी?" आता म्हणत नाहीत. त्यावरून काही प्रगती झाली असावी.

आता मुख्य गोष्ट. यातले बरेचसे तुला आईकडून तुकड्यातुकड्यांनी कळले आहे, तरी मी क्रमाने सांगतो, कारण पुढचे त्यावाचून समजणार नाही. धाकटी तीन-चार वर्षांची असताना आकडीमधून उठून सुद्धा घरभर धावत असे, म्हणून आईने तिचे नाव भिंगरी ठेवले. दहाव्या वर्षानंतर तिचे गुडघे वाकू लागले. आज सतराव्या वर्षी ती खुर्चीवरून अर्धवट उठल्यासारखी चालते, पाय फरफटतात, दर थोड्या पावलांनी भिंतीला हात लावावा लागतो. अपस्माराच्या या जातीत पुष्कळ मुलांचे असे होते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांना कंपवातावर जे औषध देतात, त्याने या मुलांचे चालणे सुधारते का, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यासाठी दोन बाटल्या. प्रत्येक बाटली आठ आठवडे, मध्ये दोन आठवडे रिकामे. एकीत औषध, दुसरीत तशाच दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या. कोणती कोणत्या बाटलीत, हे आम्हाला ठाऊक नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. सगळ्या मुलांचे पुरे झाल्यावरच ते उघडायचे.

रुग्णालयात चालण्याची तपासणी होणार होतीच. शिवाय घरी दर रविवारी एक नोंद ठेवावयाची होती. दहा मीटर अंतर, मुलीने चालायचे, एकाने घड्याळ लावायचे, दुसऱ्याने साक्षीदार म्हणून शेवटाशी उभे राहायचे, आणि दोघांनी तक्त्यावर सही करायची. एवढे अंतर घरात नाही. म्हणून आपल्या दारापासून मजल्याच्या टोकाच्या खिडकीपर्यंतची सामाईक वाट घेतली. तुझी आई दाराशी टेपचे टोक धरून बसली आणि मी वजनमापे खात्यातून निवृत्त होताना मिळालेली पोलादी टेप घेऊन खिडकीकडे गेलो. दोन पिवळ्या चिकटपट्ट्या काटकोनात कापून फरशीवर लावल्या: एक दाराशी, एक खिडकीकडे. तुझी आई म्हणाली, "मापाडी निवृत्त झाले, पण माप काही निवृत्त झालं नाही." मापाडी हे तिने ठेवलेले माझे नाव तुला ठाऊक आहे. तिने ते लग्नाच्या पहिल्या महिन्यात ठेवले आणि मी तेव्हा रागावलो होतो.

दर रविवारी सकाळी दहा वाजता मी दाराशी घड्याळ घेऊन उभा राहत असे. तुझी आई खिडकीच्या कठड्याला टेकून हात पुढे करत असे. धाकटी पट्टीवर पाय ठेवी, कठड्यावर थाप मारी आणि मी घड्याळ थांबवी. पहिल्या बाटलीचे आकडे माझ्या पाठ आहेत: एकेचाळीस सेकंद, त्रेचाळीस, मग अपूर्ण, चाळीस, चव्वेचाळीस, अपूर्ण, बेचाळीस, अपूर्ण. ती पट्टीच्या दोन-तीन पावले आधी खाली बसली, तर तशी नोंद करावी असे सूचनापत्रात स्पष्ट होते. मी ती लाल शाईने करत असे आणि करताना मोठ्याने उच्चारतही असे, कारण साक्षीदाराला नोंद ऐकू यावी ही माझी एकतीस वर्षांची सवय. धाकटीला येणारे शब्द तीसेक. त्या आठ आठवड्यांत त्यांत 'अपूर्ण' हा एक वाढला. ताटात घास उरला की ती म्हणे, अपूर्ण. दूरदर्शनवरचे गाणे मध्येच तुटले की, अपूर्ण. मला त्याचे कौतुक वाटले होते. तुझी आई हसली नव्हती, हे मला आता आठवते.

दुसरी बाटली सुरू झाली आणि आकडे उतरू लागले. एकेचाळीस, अडतीस, सदतीस, पस्तीस, तेहतीस. एकही अपूर्ण नाही. चौथ्या रविवारी मी डॉक्टरीणबाईंना फोन करून ते सांगितले. मी कोणाला आनंदाने फोन केल्याचे तुला आठवत नसेल. मलाही आठवत नाही. धाकटीला सकाळी उलट्या होत, पूर्वीपेक्षा आकड्याही थोड्या वाढल्यासारख्या वाटत. तरी चालते आहे ना, या एका गोष्टीवर आम्ही दोघे ते सोसत होतो. म्हणजे सोसत ती होती. पाचव्या आठवड्यात तू आलीस, गुरुवार ते गुरुवार. धाकटीसाठी नवे बूट आणलेस, त्या खोक्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिचे उरलेले रीळ तू येथेच ठेवून गेलीस. सहाव्या रविवारी सकाळीच धाकटीला आकडी आली, म्हणून चालणे झाले नाही. मंगळवारी तुझी आई तिची औषधे आणायला गेली आणि औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना खाली बसली. दुकानदार सांगत होता, मागच्या बाईंना म्हणाल्या, जरा जागा धरा माझी. तू परत जाऊन पाच दिवस झाले होते.

तू दुसऱ्यांदा येऊन गेल्यानंतर आठव्या आठवड्याची रुग्णालयातील तपासणी आली. त्या खोलीत जमिनीवर एक लांब चटई असते, तिच्यावरून चालले की यंत्र पावले मोजते. धाकटी दारात उभी राहिली, चटईच्या दुसऱ्या टोकाकडे तिने पाहिले, तेथे एक अनोळखी तरुण उभा होता, आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "काका, आजचं राहू द्या. तुमचा घरचा तक्ता आहे, आणि तुमच्यासारखा तक्ता कोणी ठेवत नाही. ही बाटली आणखी चार आठवडे देते. सोळा तारखेला तक्ता आणा. त्यावरून ठरवू, हीच बाटली पुढे सहा महिने ठेवायची की बंद करायची." तक्त्याच्या शेवटी एक ओळ छापलेली आहे: वरील नोंदी खऱ्या व अचूक आहेत. खाली माझी सही हवी.

त्यानंतरच्या रविवारी मी चालणे पुन्हा सुरू करायचे ठरवले. खिडकीशी कोणी नव्हते, म्हणून धाकटीला बसायला खुर्ची ठेवायला मी स्वतः त्या टोकाला गेलो. रविवारी दहा वाजता मी त्या टोकाला कधी गेलेलोच नव्हतो. त्या वेळी खिडकीतून ऊन तिरपे येते आणि फरशी आरशासारखी दिसते. पट्टीच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला, मला तीन रेषा दिसल्या. चिकटपट्टी काढल्यावर डिंक राहतो आणि त्यावर धूळ बसते, तशा. तिन्ही पट्टीला समांतर. मी खाली गुडघ्यांवर बसलो. आपल्या धंद्यात एक क्षण असतो, वजन उलटे करून बुडाचे शिसे कोरलेले दिसले की काही विचारावे लागत नाही. तो क्षण मी शेकडो वेळा दुसऱ्यांच्या दुकानांत अनुभवला होता.

टेप आणली, पण दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. धाकटीला दाराशी खुर्चीवर बसवले आणि टोक तिच्या हाती दिले. मी दहा पावले जातो न जातो तोच तिने ते सोडले, टेप सळसळत माझ्याकडे आली आणि ती हसू लागली. आई गेल्यानंतरचे ते पहिले हसू. मी परत जाऊन टोक दिले. तिने पुन्हा सोडले. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मात्र तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि माझ्याकडे अगदी गंभीरपणे पाहत बसली, जशी तुझी आई बसली होती. सर्वांत लांबची रेषा बरोबर दहा मीटरवर होती. दुसरी नऊ मीटर साठ सेंटिमीटरवर. तिसरी नऊ मीटर दहावर. आणि आता असलेली पट्टी आठ मीटर साठवर. मी तेथेच जमिनीवर बसून राहिलो. टेपच्या त्या टोकाकडून प्रश्न आला, "बाबा, अपूर्ण?"

शिवणकाकू दार उघडून पाहत होत्या. त्यांना विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्या पट्टी सरकवायच्या की मधूनमधून. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय, एवढे मापाचे लोक तुम्ही." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "पोर बसली की लाल लिहिता ना तुम्ही. त्या म्हणायच्या, मी लाल बघू शकत नाही." मी त्यांचे आभार मानून दार लावून घेतले.

तुला एक कापडवाला आठवत असेल. मी जेवताना त्याची गोष्ट वारंवार सांगत असे. त्याच्या मीटरपट्टीची दोन्ही टोके अर्धा-अर्धा सेंटिमीटर घासलेली होती. तो शपथेवर सांगत होता, साहेब, आजोबांपासून हीच पट्टी आहे, विश्वास ठेवा. मी त्याला म्हणालो होतो, मापावर विश्वास ठेवायचा नसतो, माप पडताळायचे असते. तुझी आई हे वाक्य पुढे तीस वर्षे मला ऐकवत राहिली. दूधवाला आला, पाहुणा आला, मी तिला 'बरी दिसतेस' म्हणालो, की लगेच म्हणे, पडताळून घ्या हो. आणि मी, ज्याने प्रत्येक दुकानदाराला गेल्या वर्षीचा ठसा चालणार नाही असे बजावले, त्या मी स्वतः लावलेली पट्टी सोळा आठवड्यांत एकदाही पडताळली नाही. कारण ती मी लावली होती. माझ्या घरात माप कमी भरत होते आणि मी दाराशी घड्याळ घेऊन उभा होतो.

आरंभी मला राग आला, हे लपवीत नाही. गेलेल्या माणसावर रागावणे किती गैरसोयीचे असते, हे मला ठाऊक नव्हते. तो राग कुठे ठेवावा तेच कळत नाही. मग मला ती जेथे शिकवत असे त्या बालवाडीतील शर्यत आठवली. शिक्षिका शेवटाला दोरी धरून उभ्या राहत, आणि जे मूल मागे पडे त्याच्यासाठी दोरी चार पावले पुढे घेऊन येत. मी प्रेक्षकांतून हरकत घेतली होती. तुझी आई दोरी हातात धरूनच म्हणाली होती, "अहो, ते पोहोचण्यासाठी पळतायत, मोजण्यासाठी नाही." मुलीला फसवण्याचा किंवा डॉक्टरांना फसवण्याचा तिचा हेतू नव्हता. तिला इतकेच हवे होते की धाकटीने कठड्यावर थाप मारावी आणि माझ्या तोंडून तो शब्द येऊ नये. पण तक्ता पुढे जातो, थोरली. त्यावरून कोणीतरी ठरवते. औषध उपयोगी नसेल तर ती पोर सहा महिने सकाळी उगाच ओकेल, आणि उगाच आकड्या सोसेल. उपयोगी असेल आणि खोट्या तक्त्यापायी ते थांबवले, तर तिच्या पायांत जे थोडे बळ आले आहे तेही जाईल. मी आकडेमोड करून पाहिली. पाचव्या रविवारचे तेहतीस सेकंद हे आठ मीटर साठचे असतील, तर दहा मीटरला अडतीस होतात. एकेचाळीस आणि अडतीस यांत डॉक्टरीणबाईंना काही दिसणार नाही. नऊ मीटर दहाचे असतील, तर छत्तीस होतात, आणि छत्तीस हे काहीतरी आहे. भिंतीला लावलेल्या हातांची संख्याही मी ठेवली आहे: पूर्वी अकरा-बारा, नंतर सहा. अंतर घटल्याने एवढे घटेल का? मला यावरून निष्कर्ष काढावासा फार वाटतो, म्हणूनच मी तो काढत नाही.

गेल्या गुरुवारी मी रुग्णालयात गेलो. धाकटीला काकूंकडे ठेवले, तक्ता पाकिटात घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बसलो. शेजारी एक बाई होत्या, वीस-बावीस वर्षांच्या मुलासह. त्याच्या डोक्यावर पडल्यास लागू नये म्हणून घालतात तशी टोपी होती, आणि त्याचेही गुडघे तसेच. त्याला अजून पहिलीच बाटली चालू होती. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीला फरक पडला म्हणे. आम्ही तेवढ्यावर धीर धरून आहोत." माझा क्रमांक पुकारला तेव्हा मी जिन्यावर होतो. एकतीस वर्षे मी लोकांना त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर, चूक कबूल करायला लावली. कबूल करणारा माणूस जिन्यावर कसा पोहोचतो, हे मला पहिल्यांदा समजले.

गेल्या रविवारी मी नव्या पट्टीने बरोबर दहा मीटर केले, धाकटीला दाराशी उभे केले आणि घड्याळ लावले. ती निघाली. भिंतीला हात लावत, मान खाली घालून आठ मीटर साठपर्यंत गेली, जेथे जुनी पट्टी होती, आणि थांबली. तिने हात पुढे केला. कठडा तेथे नव्हता. तुझी आई जुन्या पट्टीशी पुढे येऊन उभी राहत असावी आणि थाप तिच्या तळहातावर पडत असावी, हे मला तेव्हा कळले; खिडकीच्या उजेडात दारापासून मला ते कधी दिसलेच नव्हते, थाप तेवढी ऐकू येई. धाकटीने हवेत थाप मारली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, "आई अपूर्ण." मी घड्याळ दाराशीच फरशीवर ठेवले आणि तिच्या पुढून जाऊन खिडकीशी उभा राहिलो, हात पुढे करून. मला तसे उभे राहता येत नाही; माझे हात काही घ्यायला आल्यासारखे दिसत असावेत. ती बराच वेळ पाहत राहिली. मग उरलेले एक मीटर चाळीस सेंटिमीटर चालून तिने कठड्यावर थाप मारली. किती सेकंद लागले ते ठाऊक नाही. घड्याळ दाराशी होते.

आता हे पत्र मी का लिहिले, ते सांगतो. आठ मीटर साठवरची जुनी पट्टी मी उचलली तेव्हा तिच्याखाली निळी पट्टी निघाली, दुमडून लावलेली, कारण वारंवार उचलून पिवळीचा डिंक गेला होता. तुझी आई चिकटपट्टी दातांनी तोडत असे. ही कात्रीने, दोन्ही बाजूंनी काटकोनात कापलेली होती. तसे कापायला या घरात दोघांनाच येते, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याने शिकवले आहे. आई गेल्यावर तू माझ्याजवळ नऊ दिवस होतीस आणि काही बोलली नाहीस, याचा मी तुला दोष देत नाही. तू अकरा वर्षांची असताना शाळेसाठी घेवड्याचे रोप वाढवून रोजची उंची लिहीत होतीस. मध्येच धाकटीची पहिली मोठी आकडी आली, आम्ही दोघे आठ दिवस रुग्णालयात राहिलो, तुला मावशीकडे ठेवले, आणि रोप वाळले. तू त्या आठ दिवसांचे आकडे मनाने लिहिलेस. रोज अर्धा सेंटिमीटर, नीट, रोप जिवंत असल्यासारखे. मी ते पकडले आणि तुला वर्गासमोर उभे राहून सांगायला लावले. तुझ्या आईने चार दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. तो तक्ता मला परवा तिच्या कपाटात मिळाला. त्यावर पालकांच्या सहीचा रकाना आहे, तो मी तेव्हा कोरा ठेवला होता. अशा बापाला पट्टीविषयी काय सांगायचे, असे तुला वाटले असेल, तर ते बरोबर होते. सोळा तारखेला मी डॉक्टरीणबाईंना सर्व सांगणार आहे. तुझ्या आईचे नाव घेऊन आणि माझे तिच्या आधी. पण त्याआधी मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पट्टी पाचव्या रविवारच्या आधी सरकली की नंतर, ते तुलाच ठाऊक आहे. जे असेल ते सांग, मला सोयीचे असेल ते नको. आणि पंधरा तारखेला रविवार आहे. जमत असेल तर ये. तक्त्यावर दोन सह्या लागतात, आणि मला एकाच वेळी दोन्हीकडे उभे राहता येत नाही. दहा वाजता दाराशी घड्याळ तू धर. रकान्यात काय लिहायचे ते तू लिही. मी वाचून दाखवणार नाही. मी खिडकीशी उभा राहतो.

तुझाच,
बाबा

सोबत: घेवड्याच्या रोपाचा तक्ता, एक पान. पालकांची सही केली आहे.